गिरावीनचा कैलास

गिरावीनच्या सुनेत्राचा डावा गुडघा हा सिडनीतल्या निम्म्या मराठी घरांत चहाबरोबर चघळायचा विषय. पंचवीस वर्षं नर्सिंगच्या शिफ्ट करून गुडघा झिजला. बाई मात्र तसूभरही झिजली नाही.

२०२१च्या लॉकडाऊनमध्ये मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनाच्या डॉक्टर बाळने कैलास यात्रेची यादी करायला घेतली. सीमा उघडल्या की निघायचं. बाळ तिचा युनिव्हर्सिटीपासूनचा मित्र. एकदा कैलास पाहून आल्यापासून तर जणू तिथला जावईच!

झूमवर सगळ्यांदेखत म्हणाला, "सुने, तिथे झाड नाही, रेंज नाही, डोल्मा खिंडीत धड श्वास नाही. नुसते दगड आणि वारा. तुझं नाव नाही घालत."

"आणि परिक्रमेचे बावन्न किलोमीटर इथेच चालून दाखवले तर?"

"तीन दिवसांत? घाल परिक्रमा. फोनवरचा नकाशा दाखव, नाव घालतो."

घरापासून साडेचार किलोमीटरवर एक टेकडी होती. तिच्याभोवतीची वाट दोन किलोमीटरची. म्हणजे सव्वीस फेऱ्या. सुनेत्राने गुडघ्याला पट्टा बांधला आणि दोन दिवसांत अठरा मारल्या. दुसऱ्या संध्याकाळी सरकारने जाहीर केलं, उद्यापासून घराच्या पाच किलोमीटरबाहेर जायचं नाही.

तिसऱ्या दिवशी टेकडीवरून येणाऱ्या ओहोळावरच्या, वाटेतल्या पुलावर पोलीसबाई उभी. पत्ता पाहून म्हणाली, "सॉरी लव्ह, तुमचे पाच इथे संपले."

सुनेत्राने पुलाखालचं पाणी पाहिलं. मग हसलीच.

"नो वरीज!" म्हणाली आणि मागे वळली. पुलापर्यंत यायचं, उलट फिरून टेकडीला वळसा घालत पुलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, पुन्हा उलट. सोळा किलोमीटर भरेपर्यंत.

संध्याकाळी झूमवर बाळने तिसऱ्या दिवसाचा नकाशा पाहिला. "हे वर्तुळ कुठंय? ही तर घोड्याची नाल झाली!"

"महादेवाच्या देवळात अभिषेकाच्या पाण्याची पन्हळ ओलांडतोस का तू? तिथून मागेच फिरतोस ना? माझ्या वाटेत ओहोळ आला, मी फिरले. बावन्न भरलेत, मोज."

"पण कैलासाला पूर्ण फेरी घालतात. मी घालून आलोय!"

मागून त्याची बायको सुहासिनी कडाडली, "घोड्याच्या नालेचं तू बोलूच नकोस! डोल्माचा सगळा चढ घोड्यावर बसून गेलास. उतरवायला दोन माणसं लागली!"

म्यूट केलेले चौकोनसुद्धा हसून हलताना दिसले.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर यादीचा फोटो आला. पहिलं नाव सुनेत्राचं. शेवटचं बाळचं, आणि त्यापुढे सुहासिनीच्या ठसठशीत अक्षरात: घोडा मिळणार नाही.