व्याह्यांच्या फरशीवरचा प्रयोग

रसायनशास्त्राच्या मास्तरांना सगळी शाळा 'समजा सर' म्हणायची. अख्ख्या नोकरीत त्यांनी एकही प्रयोग करून दाखवला नव्हता. ॲसिडची बाटली कपाटात आणि कपाटाची किल्ली खिशात. फळ्यावर समीकरण मांडायचं आणि म्हणायचं, "चुनखडीवर ॲसिड टाकलं. बुडबुडे आले, समजा. कार्बन डायऑक्साइड निघाला, समजा." मुलं मुकाट्याने समजायची, परीक्षेत तेच लिहायची आणि पैकीच्या पैकी गुण घ्यायची. बाटली फुटली तर जबाबदारी कोणाची, या धास्तीने सरांनी विज्ञानाला कधी कपाटाबाहेर येऊ दिलं नाही.

निवृत्त झाल्यावर मात्र त्यांच्या अंगात शास्त्रज्ञ संचारला. जाब विचारणारं आता कोणी नव्हतं, बायको होती ती खिजगणतीत नव्हती. संडास धुवायचं ॲसिड छोट्या बाटलीत भरून, सोबत ड्रॉपर घेऊन ते हिंडू लागले. दिसला दगड की टाक थेंब! पण गावातला काळा कातळ काही केल्या फसफसेना.

लेकीच्या सासरी नवं घर बांधलं, तेव्हा व्याही सरांना आणि त्यांच्या बायकोला मोठ्या हौसेने दिवाणखाना दाखवत होते. "अस्सल संगमरवर आहे बरं का!"

सरांनी गुडघे टेकून फरशीवरून बोट फिरवलं. "रागावू नका, पण ठेकेदाराने तुम्हाला चुना लावलाय. ही साधी टाइल वाटते."

"काहीतरीच काय!"

"अहो, संगमरवर म्हणजे जमिनीच्या पोटात दाबाने आणि उष्णतेने भाजून निघालेली चुनखडी. ॲसिडने फसफसलीच पाहिजे. आत्ता सोक्षमोक्ष लावतो."

"बाबा, नको!" लेक ओरडेपर्यंत थेंब पडलेसुद्धा. दिवाणखान्याच्या बरोबर मध्यावर पांढराशुभ्र फेस आला.

"आले! अगं, बुडबुडे खरंच येतात!" सर लहान मुलासारखे ओरडले. जन्मभर शिकवलेली गोष्ट ते आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

फेस पुसला तर खाली खरखरीत, निस्तेज डाग. लेक तो घासघासून पुसू लागली.

"तो नाही निघायचा," सर प्रेमाने म्हणाले. "तिथला दगडच विरघळून फडक्यात आलाय. पण व्याहीबुवा, अभिनंदन! अस्सल आहे! ह्याच चुनखडीपासून सिमेंट होतं, काच होते, पोलादाच्या भट्टीतसुद्धा..."

"इतकी वर्षं पोरांना समजा म्हणालात," त्यांची बायको दातओठ खात म्हणाली, "आज स्वतः समजला असतात तर काय बिघडलं असतं?"

व्याही डागावर सतरंजी ओढून बघत होते. विहीणबाई मात्र शांतपणे आत गेल्या आणि किटली घेऊन आल्या. "ह्यात पाण्याचा पांढरा थर बसलाय. तोही चुनखडीचाच ना?"

"अगदी बरोबर! जड पाणी तापवलं की..."

"मग काढून द्या. नंतर न्हाणीघरातले नळ आहेत."

विद्वान माणूस कौतुकाच्या सापळ्यात पटकन अडकतो. सरांनी दुपारभर व्हिनेगर लावून किटली, नळ, शॉवर, सगळं लखलखीत केलं. विहीणबाईंनी ही बातमी मैत्रिणींत पसरवली. ॲसिडची बाटली घराबाहेर न्यायची नाही, ही त्यांची एकच अट.

आता सरांना घरोघरची बोलावणी येतात. ते याला उपयोजित रसायनशास्त्र म्हणतात, लोक नळ घासणं म्हणतात. कंबर धरून, परक्या न्हाणीघरात उकिडवे बसून ते थरावर व्हिनेगर ओततात, आणि बुडबुडे आले की घरातल्यांना हाका मारतात. आतून कोणीतरी म्हणतं, "हो हो, चालू द्या तुमचं."