बंद केलेले पंखे

अड्याळकडच्या एका लहान दवाखान्यात माझ्या बहिणीचं सिझर चाललं होतं. ऐंशीनंतरचा एक उन्हाळा. दुपारच्या वादळानं विजेचे खांब पडले होते, रस्त्यावर झाडं आडवी झाली होती आणि जनरेटरमध्ये डिझेल थोडंच उरलं होतं.

जनरेटर सांभाळणारा माणूस उंच, जरासा वाकलेला होता. मधूनमधून तो यंत्राच्या पत्र्यावर तळवा ठेवी, थकलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. त्यानं वॉर्डातले सगळे पंखे बंद केले आणि वीज फक्त ऑपरेशनच्या खोलीला ठेवली. लोक भडकले. एकानं त्याची कॉलरच धरली.

"पेशंट उकडून मरून राहिले अन् तू पंखे काहून बंद केले?"

तो हळूच म्हणाला, "त्या कोपऱ्यातल्या खाटेवर माही माय हाये. तिलेबी गरम होऊन राहिलं. पन आत बाईचं पोट उघडं हाये, भाऊ."

कॉलर सुटली. त्या गृहस्थानं खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि कोपऱ्यातल्या म्हातारीला वारा घालू लागला.

भाची झाली, बहीण वाचली. त्या माणसाचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आईवरचा पंखा बंद करताना त्याचा हात क्षणभर तरी थबकला असेल का, असं मात्र अजून मनात येतं.