शिवणीत गेलेलं दार

प्रवास कंपनीतल्या मुलीचा फोन आला तेव्हा डिंकबाई गच्चीत फळीवरून चालत होती. फळी दोन फूट चार इंच रुंद, एक टोक जमिनीवर आणि दुसरं तीन विटांवर टेकवलेलं. बोटीवर चढायची फळी बरोबर एवढी असते, हे तिने कंपनीच्या ऑफिसात ठाण मांडून, त्या मुलीला दोन फोन करायला लावून काढून घेतलं होतं. सकाळी वीस फेऱ्या, संध्याकाळी वीस. डावा गुडघा पहिल्या पाच फेऱ्या कुरकुरायचा आणि कोणी लक्ष देत नाही म्हटल्यावर गप्प बसायचा.

"आजी, तुमची केबिन मी यादीतल्या पुढच्या माणसाला देते हं. तुम्हाला कळवावं म्हणून फोन केला."

"काकू म्हण. आणि का देतेस?"

"तुमचे चिरंजीव काल येऊन सांगून गेले ना. तुमचा विचार बदलला म्हणाले."

डिंकबाई फळीवरून खाली उतरली. "माझा विचार मला न विचारता बदलत नाही," ती म्हणाली. "केबिन कोणाला द्यायची नाही."

मुलगी बिचारी चाचरली. पण नियम नियम होता. पासष्टच्या वरच्या प्रवाशाच्या फॉर्मवर जबाबदार नातेवाइकाची सही लागते, आणि डिंकबाईच्या फॉर्मवर ती जागा अजून कोरी होती. शनिवारी पाचच्या आत सही आली तर ठीक, नाहीतर यादीत अकरा जण टपून बसले होते. त्या दिवशी बुधवार होता.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण त्यातली निदान काही बाहेरून येतात. डिंकबाईचं विघ्न तिच्याच पोटचं होतं आणि संध्याकाळी सहाला घरी येऊन चहा मागणार होतं.

डिंकबाई हे नाव तिला वाचनालयात पडलं. तिथल्या तळघरातल्या बाइंडिंगच्या खोलीत तिने पस्तीस वर्षं काढली. खोलीला एक खिडकी, रस्त्याच्या पातळीवर. तिच्यातून लोकांचे नुसते पाय दिसत. आत पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा, कागद कापायचं मशीन, खळीचं पातेलं, आणि फाटक्या पुस्तकांची कधीही न संपणारी चळत. हाताला सदा डिंकाचा वास म्हणून डिंकबाई, असं ती सांगायची. एखादी गोष्ट धरली की सोडत नाही म्हणून डिंकबाई, असं बाकी सगळे सांगायचे.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिच्या हातून एक चूक झाली होती. सबंध गावात ती चूक फक्त तीच करू शकत होती, कारण गावातल्या सगळ्या शाळांची पुस्तकं तिच्याच टेबलावर येत. प्राचीन वास्तूंच्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक होतं, त्याच्या एकशे चाळीस प्रती आल्या. सगळ्यांचे कणे उसवलेले. अशा पुस्तकाची जुजबंदी करायची असते. म्हणजे फर्म्याच्या, घडी घातलेल्या पानांच्या जुडीच्या, घडीतून सुई घालून एकेक फर्मा शिवायचा. त्याला वेळ लागतो. डिंकबाई तेव्हा चोवीस वर्षांची, अंगात काम दाखवायची खुमखुमी, आणि तिला शिकवणारे उस्ताद रजेवर गेलेले. तिने सगळ्या प्रतींचे कणे मशीनखाली धरले, अर्ध्या बोटाइतके कापून टाकले, आणि सुट्या झालेल्या पानांना वरून टाके घातले. चार दिवसांत एकशे चाळीस. पुस्तकं अशी घट्ट झाली की पानं उपटून निघाली नसती.

पंधरा दिवसांनी एक शाळामास्तर खाली आले. त्यांनी पुस्तक मधोमध उघडलं. दोन पानांवर मिळून एकच मोठं चित्र होतं: नदीकाठी डोंगरात कोरलेलं देऊळ, डाव्या पानावर बसलेले तीन दगडी राजे, उजव्या पानावर तीन, आणि मध्ये दार. ते दार नव्हतं. अर्धं मशीनने खाल्लं होतं, उरलेलं शिवणीत गेलं होतं. तिसरा राजा आणि चौथा राजा खांद्याला खांदा लावून बसले होते.

"दारात कोणीतरी होतं," मास्तर म्हणाले. "बाई होती की प्राणी, आठवत नाही आता. मुलं विचारतात. तुम्ही बघितलं असेल ना कापताना?"

तिने बघितलं नव्हतं. कातरण रद्दीत कधीच गेली होती. पुस्तक नवीन छापलं जात नव्हतं. उस्ताद परत आले, त्यांनी ते चित्र उघडून बराच वेळ समोर ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "पुस्तक वाचणाऱ्याचं असतं, बाई. आपण फक्त ते धरून ठेवायचं." ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला अजूनही वाटायचं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत तिने एकाही पुस्तकाचा कणा कापला नाही. वरचे साहेब घाई करून थकले, ती सुई घालत राहिली.

मग गेल्या वर्षी दवाखान्यात गुडघ्याचा नंबर यायची वाट बघताना तिच्या हाती एक माहितीपत्रक आलं. नदीतून आठ दिवस बोटीने, काठावरच्या पाच प्राचीन जागा. एका फोटोत लांबून घेतलेला डोंगर, त्याच्या पायथ्याशी तांदळाएवढे सहा ठिपके, आणि मधे एक काळा. डॉक्टरांनी नाव पुकारलं ते तिला ऐकूच आलं नाही.

त्या दिवसापासून तयारी चालली होती, आणि ती डिंकबाईच्या पद्धतीने चालली होती. बोट का, तर खोली आपल्याबरोबर चालते, रोज सामान उचलावं लागत नाही. देऊळ सहाव्या दिवशी. धक्क्यापासून बासष्ट पायऱ्या, नाहीतर बाजूने चढण. तिने स्वतःच एक वही शिवली होती, आठ दिवसांचे आठ फर्मे. कुठल्या दिवशी कुठे थांबायचं, किती चालायचं, कुठे बसायला जागा आहे, सगळं लिहून काढलेलं. सहाव्या फर्म्याची मधली दोन पानं मात्र कोरी होती, आणि वही अशी बांधली होती की तिथे उघडली की सपाट पडायची. मध्ये केसभरही काही जाणार नाही. भाडं तर तिने कधीच भरून टाकलं होतं, स्वतःच्या पैशांनी. अडलं होतं ते एका सहीवर.

मुलगा सहाला आला. लिफ्टच्या तपासणीचं त्याचं काम. दिवसभर गंजलेल्या दोऱ्या आणि ढिले ब्रेक बघून त्याला सगळं जग केव्हाही खाली कोसळेल असं वाटायचं. चहाचा कप समोर ठेवून डिंकबाईने विचारलं, "माझा विचार कधी बदलला?"

त्याने मान वर केली नाही. "आई, मी तुला सांगणारच होतो."

"वरातीमागून घोडं."

"तुझा गुडघा बघ. फळीवरून पाय घसरला तर? बोटीवर डॉक्टर आहे की नाही, तेही हे लोक धड सांगत नाहीत."

"आहे. बाई आहे. बारा वर्षं बोटीवर आहे. फळीला दोन्हीकडून कठडा आहे. अजून विचार."

त्याने आणखी बरंच विचारलं आणि तिने सगळ्याचं उत्तर दिलं, वही न उघडता. शेवटी त्याच्याजवळचे प्रश्न संपले आणि नुसती भीती उरली. "मी जबाबदार म्हणून सही करायची आणि तुला काही झालं तर मी काय करू?" असं म्हणताना त्याचा आवाज चिरकला. बाप गेला तेव्हाही दवाखान्याच्या कागदावर त्यानेच सही केली होती, हे तिला आठवलं. तिला त्याची कीव आली. पण कीव येणं निराळं आणि ऐकणं निराळं.

मग त्याने खिशातून फोन काढला. "तुला ते दारच बघायचंय ना? एका मिनिटात दाखवतो. घरात बसून. हे बघ..."

डिंकबाईने फोनवर पंजा ठेवला. पस्तीस वर्षं शिकंजा आवळलेला पंजा तो; मुलाच्याने हलला नाही.

"ते मी या हाताने कापलंय," ती म्हणाली. "एकशे चाळीस वेळा. आता माझ्या पायांनी जाऊन माझ्या डोळ्यांनी बघणार. तुझ्या खिशातून नाही."

"सही मी देणार नाही."

"नको देऊस. पस्तीस वर्षं त्या तळघरात उभी राहिले, तेव्हा कोणी जबाबदार नातेवाईक मागितला नाही. दोन पावलं हिंडायला निघाले तर सगळ्यांना माझी जबाबदारी आठवली."

रात्रीची भांडी आवरताना सून हळूच म्हणाली, "आई, मी करते सही. त्यांना मी बघून घेईन."

डिंकबाईला बरं वाटलं. पण तिने मान हलवली. "माझ्या सहलीपायी तुमच्या दोघांची शिवण उसवायला नको. मी बघते."

बघते म्हणाली खरी, पण गुरुवारचा सबंध दिवस तिला काही सुचेना. दीर परदेशी, नणंद मुलाच्या बाजूची. भावाला विचारलं तर तो म्हणाला, "भाच्याच्या मनाविरुद्ध कसं करू?" आणि त्याने कानावर हात ठेवले. शुक्रवारी फळीवरच्या चौदाव्या फेरीला ती एकदम थांबली, पायात चपला सरकवल्या, आणि पुन्हा त्याच भावाच्या घरी गेली. भावजयीने दार उघडलं तर ही तिला ओलांडून थेट आतल्या खोलीत.

आत खिडकीपाशी तिची आई बसली होती. वय अठ्ठ्याऐंशी, हातात भिंग, मांडीवर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं.

"आई, माझ्यासाठी एक सही कर."

"कसली?"

"बोटीने जायचंय. आठ दिवस. जबाबदार नातेवाईक लागतो."

"तुझा मुलगा देत नाही?"

"नाही."

"भित्रा आहे. तुझ्या नवऱ्यावर गेलाय." नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण सासूच्या तोंडून त्याची अजून सुटका नव्हती. म्हातारीने भिंगातून फॉर्म वाचायला घेतला. सगळा वाचला, मागची बाजूसुद्धा. "सातवीत असताना तुझ्या शाळेची नदीवर सहल गेली होती."

"तू सही दिली नव्हतीस."

"बरोबर केलं होतं मी. तुला पोहता येत नव्हतं."

"अजूनही येत नाही."

"पण तेव्हा तू बारा वर्षांची होतीस," म्हातारी म्हणाली. "आता सहासष्टची आहेस. आता बुडालीस तर तुझं तू बुडालीस. कशाला जायचंय एवढं?"

डिंकबाईने पहिल्यांदाच आईला ती गोष्ट सांगितली. मशीन, एकशे चाळीस प्रती, मास्तर, उस्ताद. सहासष्टाव्या वर्षी आईसमोर रडू येतंय याचा तिला रागही आला. म्हातारीने भिंग शब्दकोड्यावर ठेवून सगळं ऐकलं.

"म्हणजे दारात कोण होतं ते तुला अजून माहीत नाही."

"नाही."

"आणि फोनमध्ये बघणार नाहीस."

"नाही."

"हट्टी आहेस."

"तुझ्यावर गेलेय."

म्हातारीने पेन मागितलं. शब्दकोड्याची सवय, त्यामुळे एकेक अक्षर चौकटीच्या आत, सावकाश. नाव. सही. नातं या शब्दापुढे तिने लिहिलं: आई.

शनिवारी मुलगा म्हणाला, "मी पण येतो. सहीशिवाय ते तुला परत पाठवतील, तेव्हा एकटी नको." सहीचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. डिंकबाई फॉर्म वहीत घालून गाडीत बसली. साडेचारला ते त्या मुलीच्या टेबलासमोर होते.

मुलीने फॉर्म वाचला. "नातं, आई," ती म्हणाली. "कोणाची आई?"

"माझी."

मुलगा ताडकन उठला. "आजीची सही? आजी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तिलाच सांभाळायला दोन माणसं लागतात. हे चालणार नाही."

मुलीने नियमांचा कागद काढला आणि बोट फिरवत दोनदा वाचला. नातेवाईक सज्ञान हवा, म्हणजे अठरा वर्षं पूर्ण झालेला. आणि फोनवर बोलून खात्री करता यायला हवी. बस.

"अठरा पूर्ण आहेत तिला," डिंकबाई म्हणाली. "लाव फोन."

मुलीने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. पलीकडे बरीच खुडबूड झाली, मग म्हातारीचा खणखणीत आवाज आला. हो, सही माझीच. हो, वाचून केली. पोरगी शहाणी आहे, जरा तापट आहे, तेवढं सांभाळून घ्या.

मुलीला हसू आवरेना, पण तिने शेवटचा प्रश्न नियमाप्रमाणे विचारला. "आजी, प्रवास पुढच्या महिन्यात आहे. तो संपेपर्यंत तुम्ही फोनवर उपलब्ध असाल ना? तसं इथे लिहून द्यावं लागतं."

मुलगा टेबलाकडे बघत होता. डिंकबाईने वही छातीशी धरली.

"माझं खरं तर निघायचं वय झालंय," म्हातारी म्हणाली. "पण आता ही परत येईपर्यंत मी कुठे जात नाही. त्या दारात कोण होतं ते मला ऐकायचंय. लिही तू."

मुलाने समोरचं पेन उचलून मुलीच्या हातात दिलं. तिने 'उपलब्ध' या शब्दापुढे खूण केली.