वळणावरचा रेडिओ

गाडी वळली की पुढच्या चाकापाशी कटकट वाजायची. नवऱ्याने परवा पार्किंगमध्ये आडवं पडून झिजलेला एक्सल स्वतःच बदलला आणि काळे हात पुसत म्हणाला, “गेली एकदाची कटकट!”

मला काही हे खरं वाटत नाही. सरळ रस्त्यावर तो रेडिओ हळू ठेवतो आणि वळण आलं, की गुपचूप आवाज वाढवतो. आपण केलेल्या कामाबद्दल बोलायला माणसाला आवडतं. ते काम बोलायला लागलं, की मात्र त्याला गाणी आठवतात.

आज घाटाच्या पायथ्याशी मी रेडिओ बंद केला.

“का गं?”

“तुझं काम ऐकायचंय.”

पहिलं वळण समोर आलं आणि त्याला जोराचा खोकला सुरू झाला.