जोकीमची धून आणि माझं दुसरं व्हायोलिन

मागच्या शनिवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये मरीनाने पियानोवरचे हात उचलले आणि ती माझ्याकडे वळली.

"सर," ती म्हणाली, "यात गाणं कुठंय?"

मरीना माझी शाळेतली विद्यार्थिनी. आता स्वतः पियानो शिकवते, आणि माझ्या जुन्या मित्राची, जोकीमची, सून आहे. त्यामुळे तिच्यावर रागवायची दुहेरी पंचाईत!

आमच्या तरुणपणी राजोडीच्या बाजूला, आमच्या गावात, नाताळनंतर नाटक व्हायचं. एकदा एका जुन्या युरोपियन नाटकाचं मराठी रूप बसवलं, तेव्हा फादरांनी हट्टाने त्याचं मूळ संगीतही मागवलं. वाजवणारे सगळे गावचेच... दिवसा केळीच्या वाडीत नाहीतर ऑफिसात, आणि संध्याकाळी क्लॅरिनेट, चेलो, ढोल. पहिलं व्हायोलिन, म्हणजे मुख्य धून, जोकीमचं; दुसरं, म्हणजे खालची साथ, माझं. पुढे कितीतरी वर्षं ते नाटक होत राहिलं.

आता जोकीमचे हात थरथरतात. त्याने व्हायोलिन पेटीत घालून कपाटावर टाकलं, चर्चमधली गाण्याची क्वायर सोडली. घरात कुणी साधं गाणं लावलं तरी उठून वाडीत जातो म्हणे. मरीनाने ठरवलं, त्या नाटकाचं संगीत फक्त व्हायोलिन आणि पियानोसाठी बसवायचं आणि त्याच्यासमोर वाजवायचं. उठून गेला तर गेला... पण निदान एकदा करून बघू.

लिहायचं आणि व्हायोलिन वाजवायचं काम माझ्याकडे आलं. तिने नेटवरून अख्ख्या वाद्यवृंदाच्या स्वरलिपीची पानं छापून दिली. एकेका पानावर एवढ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक, आणि त्यातून उरवायच्या तीन. एक व्हायोलिनची, दोन पियानोच्या दोन हातांच्या.

नायगावला मुलाच्या टॉवरमधल्या फ्लॅटच्या खिडकीत, खाडीकडे तोंड करून बसायचो. वर्गात कविता शिकवताना मी मुलांना सांगायचो, कवीने काय लिहिलं ते तर बघाच, पण काय गाळलं तेही बघा. आता गाळायची पाळी माझी होती. बासरी उजव्या हाताला दिली, ढोल डाव्या हाताला... फार सुखाचे दिवस गेले.

आणि एवढं करून त्यात गाणंच नव्हतं.

त्या शनिवारी हॉलमध्ये मरीनाने बोट ठेवून दाखवलं. व्हायोलिनला मी सरळ दुसऱ्या व्हायोलिनची ओळ दिली होती. तीच ती, खालून टकटक टकटक चालणारी. आणि मुख्य धून पियानोच्या उजव्या हातात, बासरीच्या गर्दीत कोंबलेली.

खरं सांगतो, मला त्यात काही चुकल्यासारखं वाटलंच नव्हतं. माझ्या कानात ते संगीत तसंच आहे. धून काय, जोकीम वाजवतच असतो... ती मी कशाला लिहू?

मरीना हसली. म्हणाली, सर, जन्मभर ध्रुवपद म्हटलंत, आता कडवंही तुम्हीच म्हणा. मी घरी जाऊन रात्री बसून पानं पुन्हा लिहिली. पण जोकीमची धून जोकीमसमोर वाजवायची, तीही त्याचे हात चालत नसताना... म्हणजे त्याच्या ताटातलं उचलून त्याच्याच पुढे बसून खायचं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चमधली मिस्सा झाल्यावर त्याच्या घरी गेलो. आरामखुर्चीतून त्याने आधी माझ्या हातातली व्हायोलिनची पेटी पाहिली, मग मला.

"मास्तर, ती कशाला आणलीस?"

मी पेटी उघडून व्हायोलिन काढलं. मरीनाने एवढ्यात तिच्या शिकवणीच्या पियानोवर सुरुवात केली, तसा तो काठी घेऊन उठला. मागच्या दाराशी पोचला... आणि चौकटीला हात लावून, पाठ करून उभा राहिला. मी वाजवत राहिलो. दुसरं काय करणार?

मग ती जागा आली. छापील पानावर तिथे एक छोटा विराम आहे, आणि लगेच मोठी धून सुरू होते, कारण तिथे पडदा उघडतो. मी गज वर घेतला, आणि मागून आवाज आला.

जोकीम गुणगुणत होता. धून नव्हे... माझी ओळ. दुसऱ्या व्हायोलिनची, टकटक टकटक, एकही सूर न चुकता.

वळून पाहिलं तर त्याने हात वर धरला होता. हात थरथरत होता, पण अर्थ स्वच्छ होता. थांब.

तेव्हा मला आठवलं. आमचा पडदा हमखास कप्पीत अडकायचा! तो मोकळा होईपर्यंत मी दुसऱ्या व्हायोलिनवर तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहायचो, आणि जोकीम वर बघत थांबायचा. छापील पानात हे कुठून असणार?

आताही तो वरच बघत होता, छताच्या पंख्याकडे. मरीना आधी गोंधळली, मग तिने हळूच त्याच्या आवाजाखाली पियानोची साथ धरली. आम्ही थांबलो... थांबलो... आणि मग त्याचा हात खाली आला.

"आता जा," तो म्हणाला.

मी गेलो. कसं वाजवलं ते विचारू नका. तो परत खुर्चीत येऊन बसला आणि त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

संपल्यावर म्हणाला, "धून ठीक आहे. दुसऱ्या व्हायोलिनवर जास्त शोभायचास." आणि चहा यायच्या आत, "मधे क्लॅरिनेट होतं, ते कुठे टाकलंस? पुढच्या रविवारी घेऊन ये नीट करून."

मला इतकी वर्षं वाटायचं, आपली ती खालची ओळ आपल्यापुरतीच. कुणाला काय ऐकू येणार! आणि पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीतला माणूस ती तोंडपाठ करून बसला होता...

पानं पुन्हा उघडली आहेत. क्लॅरिनेटला जागा करतोय.