पुठ्ठ्याची व्हर्लीन

व्हर्लीन टिडमोअर हसली की टार्पली गावातली माणसं आधी स्वतःकडे बघून घ्यायची. शर्टाची बटणं नीट लागलीत ना, आपण काही खुळ्यासारखं बोललो का. कारण बाई उगाच दात काढणाऱ्यातली नव्हती. तोंडाची फटकळ, आणि नवऱ्याच्या बाबतीत तर विचारूच नका. रॉइसला ती चारचौघांत 'आमचं खेचर' म्हणायची आणि तो छाती फुगवायचा, यातच काय ते आलं.

फुगवायचा, कारण टार्पली कॉलेजच्या फुटबॉल संघाचं नावच 'म्यूल्स', म्हणजे खेचरं. अलाबामातल्या या गावाला मिरवायला दुसरं होतं तरी काय? एक सूतगिरणी होती, तिला टाळं लागलं. उरलं कॉलेज. तिथे शिकायला कोण जातं हे गावात कुणाला सांगता यायचं नाही, पण हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर आदळायला कोण जातं ते पाळण्यातल्या पोरालाही पाठ. शनिवारी मॅच, रविवारी चर्च, आणि चर्चमध्येही पाद्रीबुवा आधी कालच्या मॅचचं बोलणार, देवाचं मग सवडीने.

व्हर्लीनची फुप्फुसं त्या गिरणीने खाल्ली होती. ऐन तारुण्यात ती सूत कातायच्या खात्यात लागली. हवेत कापसाची धूळ एवढी की शेजारची बाई धड दिसू नये, आणि यंत्रांचा आवाज असा की कानाशी ओरडलं तरी व्यर्थ. त्यामुळे तिथे सगळे हाताने बोलायचे. तळहात पालथा करून दोनदा खाली दाबला की 'यंत्र थांबव'. ही खूण करायला मात्र कुणी धजत नसे. मुकादमाचं म्हणणं, धुळीने कुणी मेलेलं नाही, जरा खोकला होतो इतकंच, यंत्र थांबता कामा नये. एक दिवस व्हर्लीन खोकता खोकता खालीच बसली. दुरुस्तीवाल्या रॉइसने ते लांबून पाहिलं. नवं नवं लग्न झालेलं. त्याने दोन्ही हातांनी ती खूण केली, कुणी ऐकेना तेव्हा स्वतः जाऊन खटका पाडला आणि अख्खं खातं थांबवलं. नोकरी अर्थातच गेली. त्या एका खटक्याच्या पुण्याईवर व्हर्लीनने पुढे त्याचं सगळं फुटबॉल सोसलं. दर मॅचला त्याच्या शेजारच्या सीटवर बसली, त्याने आणलेल्या उकडलेल्या शेंगा सोलल्या, आणि खेळ संपला की त्याला जागं केलं.

मुलगी टेक्सासात गेली ती तिकडचीच झाली. तिचा मुलगा केड मात्र आजी-आजोबांकडेच, त्याच्या भाषेत मॅमॉ-पॅपॉकडेच, वाढला. पोरगं दारात उभं राहिलं की उजेड अडायचा. ते म्यूल्सच्या संघात लागलं तेव्हा रॉइसने त्याच्या नंबराची पाटी अंगणात अशी रोवली, की जणू पोराला जन्म याने दिला आहे.

मग कोरोना आला. कॉलेजने वर्ग बंद केले, सगळं शिक्षण घरी बसून, पडद्यावर. फुटबॉल मात्र होणार म्हणाले. म्हणजे पोरांनी खोलीत लांब लांब बसून इतिहास शिकणं जिवाला धोक्याचं, आणि मैदानात एकमेकांच्या तोंडावर धापा टाकत चिखलात लोळणं तब्येतीला उत्तम. ही अक्कल कुठल्या दुकानात मिळते, असं व्हर्लीन येताजाता विचारायची. चर्चच्या आवारात गाड्या उभ्या करून गावाची बैठक भरली. कोच टॅरंट कर्णा घेऊन उभे.

"मी एवढंच सांगतो," ते म्हणाले, "पोरांना खेळायचंय. त्यांचं मन मोडायचा हक्क आपल्याला नाही."

व्हर्लीनने ट्रकची काच बोटभर खाली केली. "पोरांना बिअरही प्यायची असते, कोच. तिथे त्यांचं मन कधी विचारलंत?"

चार गाड्यांतून खसखस पिकली. रॉइसने मात्र टोपी डोळ्यांवर ओढली.

खरा प्रश्न घरात होता. डॉक्टरांनी व्हर्लीनला बजावलं होतं, हा रोग तुला झाला तर तुझी फुप्फुसं काही झुंजायची नाहीत. कॉलेजने पोरांना मुभा दिली होती, ज्याला नको त्याने हा हंगाम खेळू नये, जागा जाणार नाही. केड ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी ओसरीवर आला. हातातला मक्याचा पाव तसाच.

"मॅमॉ, मी खेळलो तर मला इथे पाऊल टाकता यायचं नाही. आणि तुझं सामान कोण आणणार? पॅपॉ तर मास्क हनुवटीला लावतो. मी बसतो बाहेर यंदा."

रॉइस खुर्चीतून उठला. "आपल्या घराण्यात आजवर कुणी मैदान सोडलेलं नाही."

"तू मैदानात होतास कधी?" व्हर्लीन म्हणाली. "जन्मभर बाकावर बसून शेंगा खाल्ल्यास. घराणं म्हणे."

"साधा ताप आहे गं तो. टीव्हीवाले फुगवून सांगतात."

"धुळीने कुणी मेलेलं नाही, असं मुकादमही म्हणायचा. तेव्हा तू काय केलं होतंस, आठवतं?"

रॉइस पुन्हा खुर्चीत बसला. मग एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाला, "गिरणी गेली, व्हर्लीन. बाजारपेठ गेली. आता हेही गेलं तर या गावात राहिलं काय?"

"माणसं," व्हर्लीन म्हणाली खरी, पण तिचं तिलाच ते लंगडं वाटलं.

केडने कोचना कळवून टाकलं. दुसऱ्या दिवशी रॉइसने अंगणातली पाटी उपटून शेडमागे फेकली. न्हाव्याच्या दुकानात पोराला 'पळपुटा' म्हणू लागले. म्हणणारे कोण, तर जिना चढताना दोनदा टेकणारे. पाद्रीबुवांनी 'ज्यांचं काळीज डळमळलं' त्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि डोळे मिटायच्या आधी केडकडे बघून घेतलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याला काही खर्च येत नाही.

"मी मॅचला जाणार," रॉइसने जाहीर केलं. "माझी सीट बापापासूनची आहे."

"जा की," व्हर्लीन म्हणाली. "पण मॅचला जाणारा माणूस माझ्या छपराखाली निजणार नाही. मागच्या अंगणात कॅम्पर उभी आहे. ताट पायरीवर मिळेल."

गेला बाई. खरंच गेला. चाकांवरच्या त्या डबड्यात ऐटीत बिऱ्हाड थाटलं आणि गावभर सांगत सुटला की बायको घाबरट निघाली.

मैदानात थोडीच माणसं सोडणार होते. उरलेल्या खुर्च्या ओसाड दिसू नयेत म्हणून कॉलेजने शक्कल काढली: आपला फोटो पाठवा, त्याचा कमरेपर्यंतचा पुठ्ठा कापून तुमच्या खुर्चीत बसवू. रॉइस स्वयंपाकघराच्या खिडकीशी आला.

"ए म्हातारे, तुझी सीट रिकामी दिसणं बरं नाही. तुझा पुठ्ठा बसवतो."

"माझा कशाला? बिनडोक बसवायचेत ना, तुझा बसव. तू घरी रहा."

"टीव्हीवर दुरून काय फरक कळतोय?" तो म्हणाला आणि निघून गेला.

त्याने फोटोही निवडला तो तळ्यावरचा. व्हर्लीन तोंड उघडून, डोळ्यांत पाणी येईतो हसतेय. छान आलाय म्हणाला. त्या दिवशी तो मासे धरताना नावेतून टोपीसकट पाण्यात पडला होता आणि ती त्यालाच हसत होती, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

पहिल्या मॅचला व्हर्लीन आणि केड टीव्हीसमोर बसले. खेळात म्यूल्स मार खात होते, म्हणून असेल, कॅमेरा प्रेक्षकांत फिरायला लागला. पुठ्ठेच पुठ्ठे. कुणाची आजी, कुणाचा कुत्रा. आणि मध्येच रॉइस, मास्क हनुवटीला, पुठ्ठ्याच्या व्हर्लीनच्या खांद्यावर हात टाकून बसलेला. शेजारचा मित्र त्याच्या कानाशी ओरडतोय. समालोचक गहिवरला, ही खरी निष्ठा म्हणाला.

व्हर्लीन आधी हसली. हसता हसता ठसका लागला. केडने पाणी दिलं, ते पिऊन तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"त्याला अशीच बायको हवी होती," ती म्हणाली. "खोकत नाही."

पावसाने पुठ्ठा वाकेल म्हणून रॉइस दर मॅचनंतर तो घरी आणायचा. ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर बसवून, वर पट्टा लावून. खऱ्या बायकोला कधी पट्टा लाव म्हणाल्याचं कुणाला आठवत नाही. मॅचच्या आधी त्या मित्रांच्या घोळक्यात डुक्कर भाजायचं, एकाच चमच्याने रस्सा चाखायचा, एकमेकांच्या गळ्यात पडायचं, हे सगळं साग्रसंगीत चालू. खेळणाऱ्या पोरांच्या निदान तपासण्या तरी व्हायच्या. या घोळक्याला तपासायला कुठला बाप येणार होता?

एका सकाळी पायरीवरचं आदल्या रात्रीचं ताट तसंच दिसलं, मुंग्यांनी भरलेलं. व्हर्लीनने खिडकीतून हाक मारली. उत्तर नाही. केड मास्क लावून आत गेला तर आजोबा पलंग आणि भिंतीच्या मधे अडकून बसलेला, ओठ निळे. पळपुट्या नातवानेच त्याला उचलून बाहेर आणलं. निष्ठावंत मित्रांपैकी एकही फिरकला नाही. दोघे स्वतःच अंथरुणात होते, आणि बाकीच्यांना अचानक अंतर पाळायचं सुचलं.

इस्पितळात कुणाला आत सोडत नव्हते. तळमजल्याच्या खोल्यांना मोठ्या खिडक्या होत्या, तेवढ्या बाहेरून बघता यायच्या. लोक फुलझाडांच्या वाफ्यात उभे राहून आपल्या माणसाला हात करायचे. तिसऱ्या दिवशी रॉइसचा फोन आला. एकेक शब्द वेगळा काढून बोलत होता.

"व्हर्लीन. खिडकीशी ये. नुसती दिस."

"डॉक्टर म्हणतात घराबाहेर पडू नकोस."

"माहितीय."

मधे नुसती ऑक्सिजनच्या यंत्राची फुसफुस. मग त्याने विचारलं, "शनिवारी काय झालं?"

"मॅच रद्द. निम्मा संघ तापाने पडलाय. खेळायला पोरं उरली नाहीत."

त्याने फोन ठेवला. आत उसळतोय तो राग आहे की भीती, हे व्हर्लीनला ठरवता येईना. मग ती उठली.

"केड, ट्रक काढ. आणि त्यातला तो पुठ्ठा राहू दे."

इस्पितळासमोर ती काचा लावून ट्रकमध्येच बसली. केडला म्हणाली, तिला ने आणि त्याच्या खिडकीशी उभी कर. केड म्हणाला, मॅमॉ, असं नको. ती म्हणाली, सांगते तेवढं कर. पोराने वाफ्यात गुडघे टेकून पुठ्ठा काचेकडे तोंड करून वाफ्याच्या विटांना लावून उभा केला आणि मान खाली घालून बाजूला झाला. आत रॉइसने डोकं वळवलं. नाकाला नळ्या, गालांची नुसती हाडं. त्याच्याकडे बघून ती पुठ्ठ्याची बाई तोंडभर हसत होती.

बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"ही तळ्यावरची," तो म्हणाला. "मी पडलो होतो तेव्हाची."

"हो. तुलाच हसत होते."

"आत्ता कळलं." फुसफुस. "तू कुठे आहेस?"

उत्तर तिच्याकडे पुठ्ठ्याचं ठरलं त्या दिवसापासून तयार होतं, घासूनपुसून ठेवलेलं. "दुरून काय फरक कळतोय?" ती म्हणाली. म्हटल्यावर बरं वाटेल असं तिला वाटलं होतं.

"कळतोय," रॉइस म्हणाला. मग म्हणाला, "पण राहू दे तिला. नेऊ नका."

व्हर्लीनने फोन सीटवर टाकला. एकावर एक दोन मास्क चढवले आणि दार उघडून उतरली. वाफ्यापर्यंतची ती एवढीशी वाट, पण दोनदा गाड्यांना टेकावं लागलं. केड धावत आला, त्याला तिने हातानेच लांब ठेवलं. खिडकीशी पोचून तिने पुठ्ठा उचलला, गवतावर पालथा घातला आणि त्याच्या जागी स्वतः उभी राहिली. तोंड उघडलं ते बोलायला, पण आला खोकला. खिडकीची चौकट धरून ती वाकून वाकून खोकली, मास्क ओला झाला तरी थांबेना.

आत रॉइस कोपरावर उठायला बघत होता. ते जमेना तेव्हा त्याने पांघरुणातून हात काढला, तळहात पालथा केला आणि दोनदा खाली दाबला. पुन्हा दोनदा. नर्सला वाटलं पांघरूण नकोय, ती ते सारखं करायला लागली.

व्हर्लीनने श्वास सापडेपर्यंत वाट पाहिली. काचेतून आवाज जाणार नव्हता, तरी ती बोललीच.

"आता थांबवतोस होय रे, खेचरा?"