डावीकडे कललेली छत्री

मी चौथी नापास, पण माटुंग्याच्या खानावळीत तमिळ लोकांत तीस वर्षं राबलो, त्यांची भाषा अंगात मुरली. पुढे मुलाकडे आयर्लंडला आलो आणि तिथल्या ओंगार उपनगरात लॉकडाऊनमध्ये अडकलो, तेव्हा कालव्याकाठी बोलायला तो एकच मिळाला. श्रीलंकेचा तमिळ.

पावसात तो छत्री डावीकडे कलती धरायचा. डावीकडे कुणी नसायचं. त्याचा उजवा खांदा भिजायचा. बाकावरही डावीकडची जागा तो मला देत नसे.

नाव विचारलं तर मला आदराने 'अय्या' म्हणत तो बोलला, "लढाई संपली तेव्हा लष्करवाले म्हणाले, नाव लिहून द्या आणि घरी जा. धाकट्या भावाने दिलं. त्याला बसमध्ये बसवलं. पुढे सरकारला विचारलं, मतं मागायला आलेल्यांना विचारलं. म्हणे, असं नावच कुठे नाही. तेव्हापासून मी नाव देत नाही."

लस आली. मी हट्टाने त्याला केंद्रापर्यंत ओढलं. "मरशील लेका!" टेबलावरच्या पोरीने हसून नाव विचारलं. त्याने डावीकडे पाहिलं, छत्री उघडली आणि निघाला.

दिवाळीच्या सुमाराला तो दिसेनासा झाला. मुलगा म्हणाला, "हॉस्पिटलला फोन करतो, बाबा. नाव सांगा."

कुणापुढे न हरणारा मी, छत्री उचलून कालव्याकडे निघालो.

त्या बाकावर मी अजून जातो. काल सूनबाई म्हणाली, "बाबा, छत्री असून उजवा खांदा रोज कसा भिजतो हो तुमचा?"